दंड घातलेले लुगडे

साहित्याच्या तासाला बसून माणूस लिहायला शिकतो का, असे कुणी विचारले तर मी एकदम 'हो' म्हणणार नाही. वाचायला शिकतो, एवढे खात्रीने सांगेन. लिहिणे त्याच्या मागून येते, तेही आपल्या सवडीने.

निबंधाची भाषा म्हणजे पाठ्यपुस्तकाची भाषा, हे आम्ही सर्वांनी गृहीतच धरलेले असते. घरी 'व्हतं' म्हणायचे, वहीत 'होते' लिहायचे. प्रथम वर्षाला बाईंनी 'गोतावळा' वाचायला घेतली. आनंद यादवांची ही १९७१ सालची कादंबरी नारबा या गड्याच्या तोंडून येते आणि नुसते संवाद नव्हेत, सारे निवेदनच बोलीत आहे. शहरातल्या मैत्रिणी ओळी-ओळीला अडखळत होत्या आणि मी मात्र भरधाव वाचत होते. वर्गात असे प्रथमच घडत होते! त्या दिवशी मला जरा मिरवावेसेही वाटले, का लपवू?

पुढे 'स्मृतिचित्रे' वाचले. लक्ष्मीबाई टिळक लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. बहिणाबाई चौधरींना तर अक्षरओळखच नव्हती. त्यांची गाणी घरच्यांनी उतरवून घेतली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि पुस्तक निघाले १९५२ साली. बाई सहज म्हणाल्या, "कुणी उतरवून घेतलंच नसतं तर?" तास संपला, पण तो प्रश्न माझ्याबरोबर एस.टी.त बसून गावी आला.

यंदा व्यक्तिचित्र लिहायला सांगितले तेव्हा मी आजी निवडली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली आणि आजी अंगठा उठवणारी. वही घेऊन तिच्यापुढे बसले. तिच्या लुगड्याच्या मधोमध उभी शिवण होती, तिला काय म्हणतात ते विचारले. "दंड," ती म्हणाली. "इरलेलं काढायचं, धड ऱ्हायलेलं जोडायचं. फाटकं न्हवं ते. दंड घातल्यालं हाय. तसंच लिव."

तसेच लिहिले. गरिबीचे वर्णन करताना 'फाटके लुगडे' ही जोडी अगदी तयार मिळते. पण आजीच्या शब्दात तिचा हात आहे, सुई आहे, काटकसर आहे आणि थोडा ताठाही. वर्गात तो शब्द फारच थोड्यांना ठाऊक होता. बाईंनी तो फळ्यावर लिहायला लावला. निवेदन मी प्रमाण भाषेत ठेवले, आजीचे बोलणे आजीचेच ठेवले. संपूर्ण बोलीत लिहावे एवढी तयारी अजून माझी नाही. शिवाय माझी स्वतःची भाषा आता दोन्हींच्या मधली झाली आहे, तिला कुठली म्हणावे?

पूर्ण झालेले व्यक्तिचित्र मी आजीला वाचून दाखवले. ती जात्याच्या खुंट्यावर हात ठेवून ऐकत होती. आजोबा गेल्यानंतरच्या वर्षाचा एक प्रसंग तिनेच मला सांगितला होता. तिथे आले तेव्हा म्हणाली, "समदं ऱ्हाऊ दे. एवढं काढ. तुला सांगितलं, गावाला न्हाई सांगितलं."

त्या चार ओळी मी काढल्या. बाईंनी कच्चा खर्डा आधी पाहिला होता. त्यांच्या मते साऱ्या लेखाचा जीव त्या चार ओळींतच होता आणि लेखकाने एवढे भिडस्त असून चालत नाही. बाईंचे म्हणणे साहित्याच्या बाजूने खरे असेल. आम्ही या विषयावर वर्गाबाहेर व्हरांड्यात बराच वेळ बोललो. बाई रागावल्या नाहीत, पण त्यांनी आपले मतही बदलले नाही आणि मीही माझे नाही. गुण द्यायचे ते उरलेल्या लेखाला द्या, असे मी म्हटले. एवढे बोलण्याचे धाडस गेल्या वर्षी माझ्यात नव्हते.

त्या चार ओळी माझ्या वहीत आहेत. आजीने पुन्हा विचारलेले नाही. मात्र परवा भाकरी थापता थापता तिने मला माहेरची आणखी एक गोष्ट सांगितली आणि मध्येच थांबून म्हणाली, "ही लिवलीस तरी चालंल."