दुधाचे खाडे

दिवाळीच्या तोंडावर माळा उतरवायचा, ही आमच्या घरची जुनी रीत. यंदा माळ्यावरच्या ट्रंकेत, समईला गुंडाळलेले, २००७ सालचे भिंतीवरचे कॅलेंडर निघाले. कन्या आता कॉलेजात जाते. कुठलाही कागद तिला वाचल्याखेरीज टाकवत नाही. पाने उलटून म्हणाली, "आई, हे दुधाचे खाडे का गं? पण दर महिन्याला सहाच, आणि तेही ओळीने?"

"दुधाचेच," मी म्हटले आणि कॅलेंडर काढून घेतले. हेच खोटे मी त्या साली सासूबाईंनाही सांगितले होते, आणि त्याचा भुर्दंड बिचाऱ्या दूधवाल्याला पडला होता.

लग्नाला तेव्हा तीन वर्षे झाली होती. घर चिपळूणला; आमचे हे बँकेत, बदलीवर कोल्हापूरला. शनिवारी रात्री यायचे, सोमवारी पहाटे जायचे. पाळणा हलत नव्हता आणि त्याची काळजी गावाला होती. डॉक्टरीणबाईंनी दोघांच्याही तपासण्या केल्या. दोघांच्याही, हे मुद्दाम लिहिते. कारण बायकोच्या सगळ्या तपासण्या संपल्यावाचून नवऱ्याची कोणाला आठवण होत नाही. बिघाड कुठेच नव्हता. मग त्यांनी विचारले, "तुम्ही दोघे एकत्र असता कधी?" मी सांगितले. त्या हसल्या. "बाई, स्त्रीबीज काही शनिवार बघून सुटत नाही!"

सुटलेले स्त्रीबीज टिकते बारा ते चोवीस तास. पुरुषबीज मात्र चिवट. ते पाचेक दिवस वाट पाहू शकते. म्हणजे महिन्यातले सहा दिवस काय ते कामाचे. ते ओळखायचे कसे? चौदावा दिवस सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण माझी पाळी बत्तीस-तेहेतीस दिवसांनी येई, तिथे तो चौदावा फसला. मोजायचे असते पुढच्या पाळीपासून मागे, बारा ते सोळा दिवस. हा उलटा हिशेब जपानमधल्या निइगाताचे डॉक्टर क्यूसाकु ओगिनो यांनी १९२४ साली मांडला. जगाने तो उचलला मूल टाळण्यासाठी, आणि त्या कामी तर तो खुद्द ओगिनोंनाच भरवशाचा वाटत नव्हता! पण पुढची पाळी कधी येणार, हे आधी कोणी सांगावे? म्हणून माझ्या उशाशी थर्मामीटर आला.

सकाळी डोळे उघडताच, पाय जमिनीला न लावता, चूळ न भरता, एक शब्द न बोलता, तो जिभेखाली धरून पडून राहायचे. ज्या घरात सुनेने साडेपाचला चहाचे आधण ठेवायचे, तिथे हे व्रत सोळा सोमवारांहून कठीण. बाहेरून सासूबाई हाक मारीत आणि मी आत तोंड मिटून पडलेली. "सुनेला हल्ली ऐकू येत नाय वाटतं," असे त्या शेजारणीला सांगू लागल्या होत्या.

बीज सुटले की अंगची उष्णता फॅरनहाइटच्या अर्ध्या अंशाने चढते आणि पाळी येईपर्यंत चढलेलीच राहते. गोम अशी, की ती चढते बीज सुटून गेल्यावर. थर्मामीटर हा बखरकार; लढाई संपल्यावर लेखणी उचलणारा. तरी चार महिन्यांच्या बखरी वाचून मला कळले, की माझी लढाई अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी होते. शिवाय त्याआधी अंगावरचा स्राव कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा निसरडा होतो, ताणला तर चटकन तुटत नाही. ही खूण शरीर दर महिन्याला देत होते आणि तिशीला टेकेपर्यंत मी तिला दुखणे समजत आले होते! ह्यांनी कोल्हापूरहून लघवी तपासण्याच्या पट्ट्याही आणल्या. दुसरी रेघ गडद उमटली, की साधारण दीड दिवसात बीज सुटायचे.

ती रेघ उमटली आषाढातल्या एका बुधवारी. फोन ओटीवर आणि त्याच्याशेजारी सासूबाई तांदूळ निवडीत बसलेल्या. आमचा संकेत ठरलेला होता. मी म्हटले, "अहो, आज तुमचं ऑडिट आहे ना?" पलीकडे क्षणभर शांतता, मग "हो हो, निघतोच." कराडला गाडी बदलून, कुंभार्ली घाट पावसात उतरून हे रात्री साडेअकराला चिंब भिजून दारात उभे. "चिपळूणच्या शाखेत ऑडिट लागलंय," असे आईला सांगितले. "रात्रीचं कसलं रे ऑडिट?" म्हणून त्या आत गेल्या. पहाटे पाचच्या गाडीने हे परत.

हसू येते आज. तेव्हा येत नव्हते. त्या रात्री आम्ही एकमेकांशी धड बोललोसुद्धा नाही. तारीख चुकू नये म्हणून जवळ यायचे, यात दोघांचाही थोडा अपमान असतो, आणि पाळी आली की तो पुन्हा वर येतो. पुढच्या महिन्यात टिंबे काढताना पेन्सिल जड वाटे.

श्रावणअखेरीस सासूबाईंनी टिंबे मोजली आणि सहा दिवसांचे दूध कापले. दूधवाला शपथा घेऊ लागला. अंगणात आवाज चढले. मला राहवेना. त्याला उद्या ये म्हणून वाटेला लावले आणि म्हटले, "आई, ती टिंबं माझी आहेत." मग खाली मान घालून सगळे सांगितले.

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमचे हे परळला गिरणीत. वरसातून दोनदा यायचे, गणपतीला नि शिमग्याला. गणपतीला आले की मी बाहेर बसलेली. शिमग्याला आले, तर ते निघायच्या दिवशी मी न्हाले. सात वरसं असंच गेलं. कौल लावले, सोमवार केले. जावेच्या पोराचं बारसं, तर मला पाळण्याला हात लावू दिला नाय. वांझ म्हणत. पण दिवस कुणी मोजले नायत गो."

आठव्या वर्षी मामंजींनी त्यांना परळच्या खोलीवर नेले. वर्ष उलटायच्या आत आमचे हे जन्मले. त्याच मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत, मरेतो, 'समाजस्वास्थ्य' चालवून असल्याच गोष्टी उघड्यावर लिहिल्या होत्या. गिरणीतून त्या खोलीत काही तो अंक कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दूधवाल्याला सहा दिवसांचे पैसे चुकते केले. "डोळ्यांना दिसत नाय आता," असे त्याला वर सांगितले. मला सकाळी हाका मारणेही बंद झाले. चहा त्याच ठेवू लागल्या.

भाद्रपदात एका गुरुवारी मी स्वयंपाकघरात गेले, तर तांदूळ तिघांचे धुतलेले आणि सोलकढीला नारळ खवलेला. फोन मी अजून केलासुद्धा नव्हता. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत सासूबाई म्हणाल्या, "आज ऑडिट ना? घाटात दरड नसली म्हंजे झालं."