वेळासची रिकामी टोपली

मार्चमधल्या शनिवार-रविवारी कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर उजाडतानाच गर्दी होते. दोरीच्या अलीकडे पुण्या-मुंबईची माणसं, खांद्यावर पेंगणारी मुलं, कॅमेरे. कासवमित्र जाळीच्या कुंपणात शिरतो, घरट्यावरची टोपली उचलतो, वाकून बघतो आणि मान हलवतो. आज पिल्लं नाहीत. मग ‘एवढ्या लांबून आलो’ हे वाक्य कुणीतरी म्हणतंच, आणि गाड्या नाश्त्याआधीच हरिहरेश्वरकडे वळतात. माझं मत उलट आहे. टोपली रिकामी निघाली, की वेळास बघायला अख्खा दिवस हातात येतो.

मुळात तारीख कुणी देऊच शकत नाही. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वर येऊन वाळूत दीडेक फुटाचा खड्डा करते आणि शंभरेक अंडी घालते. पूर्वी ती कोल्ह्या-कुत्र्यांच्या पोटात जात, नाहीतर माणसं चोरून विकत. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन संरक्षण सुरू केलं. अंडी अलगद उचलायची आणि कुंपणात तशाच खड्ड्यात पुरायची. पुढचे पन्नासेक दिवस सगळं वाळूच्या उबेवर. पिल्लू कधी निघणार, एवढंच नव्हे, नर होणार की मादी, हेही तीच ठरवते. बाहेर आलेल्या पिल्लाला पाण्यात नेऊन सोडत नाहीत. तेवढी वाळू त्याची त्यानेच तुडवायची.

मोठी झाल्यावर तर ही जात कुणाच्याच हिशेबात बसत नाही. ओडिशातल्या गहिरमाथ्याला २०२१ मध्ये खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली. पूर्व किनाऱ्याची कासवं तिकडची, पश्चिमेची इकडची, ही आपली समजूत तिच्यापर्यंत पोचलेली नसावी.

गर्दी पांगली की किनारा ज्यांचा त्यांना परत मिळतो. ओहोटीच्या ओल्या वाळूवर इवलेसे खेकडे बारीक गोळ्यांची रांगोळी घालत जातात. चिखल्यांचा थवा लाटेमागे धावतो आणि लाट उलटली की तसाच माघारी पळतो. सुरूच्या बनावरून कधी समुद्री गरुड जातो. पांढरंशुभ्र पोट, राखाडी पंख, पायात बहुधा मासा, क्वचित समुद्रसाप. त्याची जोडी वर्षानुवर्षं एकाच घरट्यात काटक्यांची भर घालते. त्यामुळे जुनं उंच झाड तोडलं, तर एका झाडापेक्षा बरंच काही जातं.

समुद्रापासून गाव तसं आत आहे. नाना फडणविसांचं हे मूळ गाव. त्यांचं स्मारक इथे आहे, पण पाहुण्यांना आता कासवंच ठाऊक. जांभ्याची घरं, सारवलेली अंगणं, त्यात वाळत घातलेली सुपारी. मागच्या वाड्या मात्र अजून विरळ दिसतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या माड-पोफळी काही तासांत आडव्या केल्या. पोफळ लावल्यावर सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. कासवं बघायला येणाऱ्यांच्या जेवणाच्या ताटाला त्या वर्षांत किती किंमत आली असेल, ते इथल्या बायकांना विचारावं.

आणि ताट म्हणाल, तर ओल्या काजूची उसळ. मार्च हाच तिचा महिना. काजू सोलताना चीक हाताला लागतो, कातडी सोलवटते. तो त्रास खाणाऱ्याला दिसत नाही, दिसतो फक्त वरचा ओल्या नारळाचा चव. शेजारी कुयरीची भाजी, तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, वाटीत सोलकढी. ‘काकू, उद्या तरी निघतील का पिल्लं?’ असं विचारलं, की वाढता वाढता उत्तर येतं, ‘निघायची तेव्हा निघतील हो. तुम्ही पिठलं घ्या.’

जेवण अंगावर आलं, की बाणकोटला जावं. सावित्रीच्या मुखावर, टेकडीवर, छोटा जांभ्याचा किल्ला आहे. इंग्रजांनी तो १७५६ मध्ये मिळवला आणि नाव ठेवलं फोर्ट व्हिक्टोरिया. राणी व्हिक्टोरिया जन्मली १८१९ मध्ये, तेव्हा तिचा याच्याशी संबंध जोडू नये. तटावरून खाडी, वाळूचे दांडे आणि बागमांडल्याला जाणारी फेरीबोट एका नजरेत येते. इथे माहितीचा फलक वाचण्यापेक्षा वारा खात बसणं अधिक फायद्याचं.

संध्याकाळी टोपली पुन्हा उघडतात. निघाली पिल्लं तर उत्तमच.

तेव्हा वेळासला जायचं तर निदान एक मुक्काम करा, शक्यतो मधल्या वारी. ‘पिल्लं नक्की दिसतील ना?’ असा फोन मात्र करू नका. जेवायला माणसं किती, ते आदल्या दिवशी कळवा. काजू तेवढेच सोलले जातात.