मौनाची कारागिरी

आमच्या एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात छातीइतक्या उंचीच्या दोन लाकडी पेट्या जमिनीवर उभ्या आहेत. फ्रान्को सेर्ब्लिन यांनी इटलीतील व्हिचेन्झा शहराच्या परिसरात स्थापिलेल्या ‘सोनुस फाबेर’ या कारखान्यातून 1998 साली बाहेर पडलेले हे ध्वनिक्षेपक. त्यांचे नाव ‘अमाती’. सोळाव्या शतकात क्रेमोना येथे व्हायोलिने घडविणाऱ्या आंद्रेआ अमातीच्या घराण्यास वाहिलेली ही आदरांजली होय. मागे निमुळत्या होत गेलेल्या बाजू, लाकडावरील रोगणाची मंद झळाळी, दर्शनी भागावर मढविलेले चामडे आणि त्यापुढे तारांसारख्या उभ्या ताणलेल्या दोऱ्या पाहून आम्ही सहज बोलून गेलो, “हे तर एक वाद्यच म्हणावयाचे!”

स्नेही हसले. जन्मभर यंत्रशास्त्रात मुरलेला हा गृहस्थ. “प्रोफेसर, जरा बोटाच्या पेराने ठोकून पाहा.” आम्ही ठोकून पाहिले. दगडी भिंतीवर ठोकावे तसा बद्द आवाज आला व तेथेच विरला. “वाद्य बोलले पाहिजे, हिने बोलता कामा नये. सारी किंमत या न बोलण्याची आहे!”

त्यांनी मग आम्हांस जे समजावून सांगितले, त्याचा सारांश असा. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अमेरिकन संशोधकांनी 1925 साली जी रचना सिद्ध केली, तीच बहुतेक ध्वनिक्षेपकांत अद्यापि नांदत आहे. लोहचुंबकाच्या फटीत तारेचे एक वेटोळे असते. विद्युत्प्रवाहाबरोबर ते मागेपुढे हलते, आणि त्याला जोडलेला शंकूच्या आकाराचा पडदा हवा ढकलतो. खर्जासाठी मोठे पडदे, मध्यम स्वरांसाठी त्याहून लहान, आणि तारस्वरांसाठी अगदी चिमुकला, अशी कामाची वाटणी असते. एकाचे काम कोठे संपले आणि दुसऱ्याचे कोठे सुरू झाले, हे ऐकणाऱ्यास कळू नये, यात रचनाकाराची परीक्षा.

परंतु पडदा पुढे जितकी हवा ढकलतो, तितकीच मागेही ढकलतो. मागे गेलेली लहर पेटीत कोंडली जाते. पेटीच्या भिंती समोरासमोर समांतर असल्या, तर ती त्यांमध्ये येरझारा घालते, आणि काही स्वर उगाच फुगतात. भिंती पातळ असल्या, तर त्या स्वतःच थरथरून गाऊ लागतात. म्हणून ‘अमाती’च्या बाजू वळविलेल्या. त्या वळणाचा उगम व्हायोलिनाच्या वंशात असला, तरी त्याचे कार्य व्हायोलिनाच्या नेमके उलट आहे. इंग्लंडातील ‘बॉवर्स अँड विल्किन्स’ या कंपनीने 1987 साली आपल्या ‘801’ या ध्वनिक्षेपकाच्या पोटात फळ्यांची मधाच्या पोळ्यासारखी जाळी बसविली, तीही याच हेतूने.

आम्हांस मिरजेची आठवण झाली. तेथील कारागीर तंबोऱ्याचा भोपळा निवडतात, तो त्याने गावे म्हणून. तार छेडली की भोपळा, तबली, दांडी सारे मिळून तिला साथ देतात. ती साथ म्हणजेच तंबोरा. येथे मात्र तितक्याच निष्ठेने लाकडास मौन शिकविलेले!

आम्ही सोबत एक कॅसेट नेली होती. आमचे वडील हौशी गाणारे. 1984 च्या दिवाळीत घरी त्यांनी यमन गाइला, तो तीवर उतरलेला आहे. तंबोऱ्यावर आई होती. पुढील वर्षी वडील हृदयविकाराने गेले. घरातील जुन्या यंत्राच्या लाकडी पेटीतून ती कॅसेट आम्ही चाळीस वर्षे ऐकत आलो, आणि ‘आवाज कसा घुमतो आहे!’ असे मुलांस अभिमानाने सांगत आलो.

स्नेह्यांनी ती लावली. प्रथम तंबोरा आला, आणि त्याबरोबर दर आवर्तनास आईच्या काचेच्या बांगड्यांची बारीक किणकिण, जी आम्ही घरी कधीच ऐकली नव्हती. मग वडिलांचा आवाज आला. पण तो घुमत नव्हता. तो थकलेला होता. प्रत्येक तानेपूर्वी ते घाईने श्वास घेत होते. घुमारा पेटीचा होता, वडिलांचा नव्हे. द्रुत चिजेत एके ठिकाणी तो श्वास मध्येच अडकला, आणि त्याच क्षणी बांगड्या थांबल्या. तंबोरा एक आवर्तन चुकला. मग पुन्हा किणकिण सुरू झाली.

म्हणजे आईला त्याच रात्री कळले होते. आम्हां भावंडांपैकी कोणासही ते उमगले नाही, आणि तिने पुढे कधी त्याचा उच्चार केला नाही. आता तीही नाही; विचारावे तरी कोणास?

क्षणभर त्या पेट्यांचा आम्हांस राग आला, हे कबूल केले पाहिजे. जुनी पेटी लबाड खरी, पण दयाळू होती. तथापि या मुक्या पेट्यांनी स्वतःच्या पदरचे काही मिसळले असते, तर ती थांबलेली किणकिण आमच्या कानी आली नसती, आणि आई त्या रात्री एकटीने काय ऐकत बसली होती, हे आम्हांस जन्मात कळले नसते.

“पुन्हा लावू का?” स्नेह्यांनी हलकेच विचारले.

आम्ही म्हणालो, “फक्त आरंभ लावा. नुसता तंबोरा आहे, तेवढाच.”