न्हाणीघरातली डार्करूम

लाल झिरोचा बल्ब. ब्रोमाइड पेपरला निळा उजेड चटकन लागतो, लाल लागत नाही. रात्री निजानीज झाली, दाराच्या फटीत चादर कोंबली, की न्हाणीघराची डार्करूम व्हायची.

'इंदू'चं पाकीट. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा पेपर. 1960 साली सरकारने काढलेला हा कारखाना आता बंद आहे. पेपर सॉफ्ट, नॉर्मल, हार्ड असा मिळायचा. मिळमिळीत निगेटिव्हला हार्ड, भडक निगेटिव्हला सॉफ्ट.

मेटॉल आणि हायड्रोक्विनोन. डेव्हलपरमधलं मेटॉल आधी करडे टोन उठवायचं, हायड्रोक्विनोन मागून काळ्याला खोली द्यायचं. डेव्हलपर 20 अंशांच्या आसपास हवा, म्हणून मे महिन्यात ट्रेखालच्या परातीत बर्फ.

टेस्ट स्ट्रिप. पेपरची एक पट्टी, वर पुठ्ठा. तो थोडा थोडा सरकवत दर वेळी पाच सेकंद एन्लार्जरचा, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून पेपरवर पाडणाऱ्या यंत्राचा, उजेड. पट्टी धुतली की किती सेकंद द्यायचे ते कळायचं.

तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची टिकली. पदराच्या सावलीतला आजीचा चेहरा काळवंडू नये म्हणून ही टिकली काही सेकंद त्याच्यावर धरायची आणि सारखी हलवत राहायची. थांबली की कपाळावर तिची कडा उमटे. एकाच निगेटिव्हच्या दोन प्रिंट तंतोतंत सारख्या निघत नसत, कारण प्रत्येकीत हात होता.

हायपो. उजेड न लागलेले चांदीचे क्षार हा विरघळवतो. जॉन हर्शेल यांनी त्याचा हा गुण 1819 मध्ये टिपला, फोटोग्राफी जगापुढे येण्याच्या वीस वर्षं आधी. हायपोतून निघाल्यावरच दिवा लावता येई.

वाहतं पाणी. सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं काम. पेपरच्या धाग्यांत हायपो राहिला, तर त्यातलं गंधक पुढे चांदीला खातं आणि प्रिंट पिवळी पडते. नळाखाली तासभर धुतलेल्या प्रिंट आजही स्वच्छ आहेत.

ग्लेझिंगची प्लेट. ओली प्रिंट तोंड खाली करून चिकटवायची, वरून रोलर फिरवायचा. वाळली की तडतडत आपोआप सुटे, चकाकी घेऊन.

निगेटिव्ह. बटरपेपरच्या पाकिटांत, माळ्यावरच्या डब्यात. बल्ब, ट्रे, रसायनं खटपट केली तर आजही जमतील. ही मात्र एकदा गेली की गेली. घर आवराल तेव्हा ती पाकिटं रद्दीत घालू नका. उजेडाकडे धरून एकेक बघा.