सात नद्यांची वाट

चिंचवडच्या त्या घरात पुढील उन्हाळ्यातील सहलीचा बेत ठरत होता. स्वित्झर्लंडमध्ये मोटार भाड्याने घ्यायची आणि आल्प्सच्या घाटांतून, नद्यांच्या खोऱ्यांतून आठ दिवस हिंडायचे, असा नातीचा आग्रह होता. ऱ्हाइन आणि ऱ्होन या दोन मोठ्या नद्या तेथे एकाच पर्वतभागात उगम पावतात. पण एक उत्तर समुद्राला मिळते आणि दुसरी भूमध्य समुद्राला, हे ती नकाशावर बोट ठेवून सांगत होती. सत्त्याहत्तर वर्षांचे बाबूजी शांतपणे ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, "अवश्य जा. पण त्याआधी मला एकदा नाणेघाट दाखवून आणा."

पर्युषण संपून आठवडा झाला होता. रविवारी नवकारशी करून मंडळी निघाली. मुलाचा चाकणच्या कारखान्यांना वेष्टन-साहित्य पुरविण्याचा व्यवसाय. आठवड्यातील सहा दिवस तो याच रस्त्याने जाई. परंतु ट्रक, सिग्नल आणि माल पोहोचविण्याची घाई यांपलीकडे त्याने या वाटेवर काही पाहिले नव्हते. मोशीला पूल आला तेव्हा बाबूजी म्हणाले, "ही इंद्रायणी. घरामागची पवना पहिली, ही दुसरी. मोजत चला."

चाकणच्या पुढे भामा, राजगुरुनगरला भीमा, मंचर सोडल्यावर घोड, नारायणगावला मीना आणि जुन्नरला कुकडी. लहानसहान प्रवाह सोडले तर या वाटेवर अशा सात नद्या लागतात. सह्याद्रीच्या कुशीत उगम पावून प्रत्येक नदी आपापले खोरे कोरत पूर्वेकडे जाते. मधल्या डोंगररांगा त्यांना एकमेकींचे तोंड पाहू देत नाहीत. मात्र पवना मुळा-मुठेच्या वाटेने, इंद्रायणी तुळापूरला, तर मीना आणि कुकडी घोडेच्या वाटेने अखेर भीमेतच जातात. "म्हणजे खतावणीत पाने निराळी, बेरीज एकच," मुलगा हसून म्हणाला. बाबूजी हसले नाहीत. ते खिडकीतून शिवनेरीकडे पाहत होते.

त्यांचे बालपण जुन्नरच्या बाजारपेठेत गेले. तेथे वडिलांचे किराणा दुकान होते. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे कारखान्यांची रांगच लागली. कामगारांच्या वस्त्या वाढल्या, तसे धाकट्या मुलाने, म्हणजे बाबूजींनी, चिंचवडला दुकान थाटले. थोरले बंधू जुन्नरलाच राहिले. चाळीस वर्षे दोन्ही दुकानांत मालाची आणि पैशाची ये-जा होती. वाटणीच्या वेळी मात्र एका रकमेवरून बिनसले. दोघांच्या वह्यांत ती रक्कम होती आणि दोन्हीकडे तिच्यापुढे 'येणे' असेच लिहिले होते. त्याला बारा वर्षे झाली. दरवर्षी संवत्सरीला बाबूजींच्या भ्रमणध्वनीवर शेकडो क्षमापना-संदेश येत आणि ते प्रत्येकाला उत्तर देत. एकच क्रमांक तेवढा वगळला जाई.

जुन्नर सोडल्यावर रस्ता माणिकडोहच्या जलाशयाजवळून, चावंडच्या पायथ्यापासून घाटघरकडे वळतो. पावसाळा सरत आला होता. भातखाचरे हिरवीगार होती आणि पठारावर सोनकीची पिवळी फुले पसरली होती. नाणेघाटाच्या माथ्यावर कोकणातून येणारा वारा एवढा होता, की नातीने आजोबांचा हात घट्ट धरला.

येथे तो दगडी रांजण आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नर-पैठणकडे जाणाऱ्या मालाची जकात त्यात जमा होई, अशी परंपरेने चालत आलेली समजूत आहे. खालच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण यांची गणती अंकांत कोरली आहे. भारतातील अत्यंत जुन्या अंकचिन्हांत त्यांची गणना होते. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. शून्य अजून यायचे होते. त्याच लेण्यात राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्तीही होत्या. आता वर कोरलेली नावे आणि खाली पावलांच्या खुणा, एवढेच उरले आहे.

बाबूजी त्या खुणांपाशी बराच वेळ उभे होते. नात म्हणाली, "आजोबा, इथला पाऊस अलीकडे पडला तर कुकडीतून पार बंगालच्या उपसागरापर्यंत जाणार आणि कड्यापलीकडे पडला तर अरबी समुद्राला. आपले आल्प्सच हे!"

"आमचे वडील आम्हां दोघा भावांना इथे घेऊन आले होते," बाबूजी म्हणाले. "दादाने मला खांद्यावर घेऊन घाट चढवला होता." एवढे बोलून ते गाडीकडे वळले.

परतताना जुन्नरच्या वेशीशी त्यांनी मुलाला सांगितले, "गाडी पेठेत घे." मुलाने काही विचारले नाही. जुन्या घराचे दार अर्धे उघडे होते. थोरले बंधू ओसरीवर बसले होते. आता त्यांना दूरचे नीट दिसत नसे. बाबूजींनी पायांना हात लावला, तेव्हा त्यांनी चाचपत तो हात धरला आणि विचारले, "कोण?"

"मी, दादा. मिच्छा मि दुक्कडं."

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आतून भाभी आल्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला; पण पहिले वाक्य बोलल्या ते घरच्याच रीतीचे : "सूर्यास्ताला तासभरच आहे. आधी पानावर बसा, बोलणे नंतर."

त्या रकमेचा विषय त्या दिवशी निघाला नाही. गाडी अंधारात परत निघाली, तेव्हा भाभींनी दिलेला डबा मांडीवर घेऊन बाबूजी पुढच्या आसनावर बसले होते. पूल येत गेले, तसे ते प्रत्येक नदीचे नाव घेत होते. या वेळी उलट क्रमाने.