चोवीस सेकंदांचा हिशेब

२२ नोव्हेंबर १९५० रोजी अमेरिकेत बास्केटबॉलचा एक सामना अवघ्या १९-१८ गुणांवर संपला. फोर्ट वेन पिस्टन्सने चेंडू नुसता हातात धरून ठेवला आणि बलाढ्य मिनियापोलिस लेकर्सला हरवले. नियम कुठलाच मोडला नव्हता. पण पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकांच्या पदरी काय पडले?

सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी कागदावर साधा हिशेब मांडला. रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा बास्केटकडे चेंडू फेकतात. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा. भागाकार आला २४! एवढ्या सेकंदांत चेंडू फेकलाच पाहिजे, असा नियम १९५४ मध्ये झाला आणि खेळात जीव आला. पुढच्याच वर्षी बियासोन यांचा संघ विजेता ठरला.

पुढे टीव्हीचा पैसा वाढत गेला. २०२४ मध्ये एनबीएने प्रसारणाचे ११ वर्षांचे हक्क सुमारे ७६ अब्ज डॉलरना विकले. एवढी रक्कम मोजणाऱ्याला जाहिरातींसाठी वेळ हवाच. म्हणून प्रत्येक सत्रात दोन टाइमआउट सक्तीचे. कोणी मागितले नाहीत, तरी खेळ थांबतोच. २०१७ मध्ये एका सामन्यातील टाइमआउट १८ वरून १४ करण्यात आले, पण सक्ती राहिलीच.

पैशाशिवाय खेळ चालत नाही, हे खरेच. पण चेंडू अडवणाऱ्या खेळाडूला घड्याळ लावले. खेळ अडवणाऱ्या जाहिरातीला ते कोण लावणार?