भिशीच्या पैशांत ताडोबा

आमच्या भिशीत आम्ही बाराजणी. चिठ्ठी निघाली की कुणी मिक्सर घेते, कुणी मुलाची फी भरते. गेल्या वर्षी मात्र एक चिठ्ठी कुणीच घ्यायची नाही, त्या पैशांत सगळ्यांनी मिळून कुठंतरी जायचं असं ठरलं, आणि बेत निघाला ताडोब्याचा. “बायकाबायकाच? आणि वाघाच्या जंगलात?” हा प्रश्न घरोघरी विचारून झाला. बाराच्या सहा उरल्या. एका परीनं बरंच झालं, जिप्सीत प्रवासी सहाच बसतात!

आजकालची मुलं पाठीवर पिशवी टाकून डोंगरात पायी भटकतात. आमच्यातल्या एकीलाही तीच हौस होती. पण ताडोब्यात ती चालत नाही. महाराष्ट्रातलं हे सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. आत गाडीतून पाय खाली ठेवायचा नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये वनरक्षक स्वाती ढुमणे व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी फिरत असताना वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. जंगलात रोज वावरणाऱ्या बाईची ही कथा, मग आपली काय!

तयारीत सर्वांत आधी आरक्षण. ज्या नावाचं ओळखपत्र दिलं तेच सोबत हवं, ऐनवेळी जाऊबाईंना बदली नेता येत नाही. मंगळवारी उद्यान बंद, पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर गाभा बंद. मे महिन्यात वाघ हमखास पाणवठ्यावर येतो म्हणतात खरं, पण चंद्रपूरचा पारा तेव्हा ४६-४७ अंशांवर असतो. आम्ही मार्च धरला. कामं वाटून घेतली: एकीकडे हिशेब, एकीकडे औषधं, एकीकडे दशम्या नि तिखटमिठाच्या पुऱ्या. कपडे मळखाऊ रंगाचे, अत्तर-गजरा घरीच. पहाटेच्या उघड्या गाडीत मार्चमध्येही शाल लागते. आणि मैत्रिणींनो, एक गोष्ट पुरुष कधी सांगणार नाहीत: निघण्यापूर्वी चहा अर्धाच कप घ्या. पुढे तीन-चार तास गाडीतून उतरता येत नाही.

रुसवे झाले ते बसण्याच्या जागेवरून. मागची बाकं उंच, तिथून दिसतं छान, पण दणकेही तिथंच. कंबरदुखीवालीनं पुढं बसावं, बाकीच्यांनी फेरीगणिक जागा बदलाव्या, असा तह झाला.

वर्ध्याहून रेल्वेनं चंद्रपूर नि तिथून इरई धरणाच्या काठाकाठानं मोहर्ली. पहिल्या दुपारी आत शिरलो. रस्त्याकडेला भोकं पाडलेले जुने दगडी खांब दिसतात. गोंड राजांच्या काळी त्यांतून दोर ओवून घंटा वाजवत, असं गाईडताईंनी सांगितलं. हो, गाईड बाईच होत्या! ताडोबाच्या तळ्याकाठी तारू देवाचं ठाणं आहे. तारू हा गावचा प्रमुख. वाघाशी झुंजताना मेला नि देव झाला. पौषात तिथं यात्रा भरत असे. चितळ, गवे, मोर, तळ्यातली मगर असं सगळं दिसलं, वाघ तेवढा नाही. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी तारूलाच साकडं घातलं.

मुक्काम गावातल्या एका घरी होता. रात्री घरधनीण ताट वाढताना म्हणाली, “तुमाले दिसाले पाहिजे म्हनता. आमी त मोहा येचाले जातो, तवा दिसू नये म्हनतो.” मार्च-एप्रिलात मोहफुलं गळतात. उजाडायच्या आत झाडाखाली वाकून ती वेचायची. मे महिन्यात तेंदूपानं. तिची धाकटी जाऊ दोन वर्षांमागं मोहाखालीच गेली. “मग जाताच कशाला?” असं आमच्यातली एक बोलून गेली नि लगेच गप्प झाली. मोहाच्या पैशांत त्यांचं पावसाळ्यापूर्वीचं तेलमीठ होतं, मुलांच्या वह्या होतात. आमच्या भिशीसारखंच की! पाचसहाजणी मिळून जातात, मोठ्यानं बोलत राहतात. एकटं कुणी वाकायचं नाही, असा त्यांचा नेम.

आणखी एक दिवस हाताशी असेल तर मूलमार्गे चामोर्शीजवळच्या मार्कंड्याला जा. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी, कोरीव देवळांचा मोठा समूह आहे. आमचा तो राहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो तेव्हा अंगणातल्या टोपल्या आधीच गेलेल्या होत्या. त्या फेरीत वाघ दिसला. गेटपासून फार लांबही नव्हे. संथपणे रस्ता ओलांडून गेला. वहिनींनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

परतलो तर घरधनीण अंगणात मोह पसरत होती. पिवळसर फुलं, त्यांचा तो गोड, जड वास. “दिसला का?” तिनं विचारलं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. शेवटी वहिनी हळूच म्हणाल्या, “दिसला.”

तिनं हात पुसले नि जवळ आली. कुठं, किती वाजता, कोणत्या अंगाला गेला, हे सगळं तिनं नीट विचारून घेतलं, आणि शेजारणीला सांगायला गेली.